अन्न आणि अभय : परदेशवास आणि कृतज्ञतेचा धडा



आपल्या लातूर-नांदेड परिसरातील अनेक गावांतून तरुण मंडळी उपजीविकेसाठी आखाती देशांत जातात. दोन-तीन वर्षांनी ती सुट्टीवर परत येतात तेव्हा त्यांच्या वागण्यात एक बदल जाणवतो. जो मुलगा पूर्वी आईने थापलेली ज्वारीची भाकरी नाक मुरडून खात असे, तोच आता ताटात एक तुकडाही शिल्लक ठेवत नाही. जो वडिलांच्या हाकेला ‘ओ’ देत नसे, तो त्यांच्या उशाशी बसून त्यांचे पाय चेपतो. भाकरी तीच आहे, आई-वडील तेच आहेत, घरही तेच आहे. मग बदलले काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा कुरआन व हदीसच्या प्रकाशात विचार करावयाचा आहे. लेखक स्वतः किल्लारीचा रहिवासी असून बारा वर्षे सौदी अरेबियात नोकरीस होता. त्यामुळे काही अनुभव स्वतःचे सांगावे लागतील. ते मोठेपणासाठी नाहीत; त्यांत कबुलीचाच भाग अधिक आहे.

शुक्र म्हणजे काय?

अरबी भाषेत ‘कुफ्र’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘झाकणे’ असा आहे. बी मातीखाली झाकणाऱ्या शेतकऱ्यासाठीही हाच शब्द वापरला जातो. सूरह हदीदमध्ये (57:20) पावसाने आलेल्या पिकाचा ज्यांना आनंद होतो, त्यांच्यासाठी हा शब्द आला आहे आणि अनेक भाष्यकारांनी तेथे त्याचा अर्थ ‘शेतकरी’ असाच केला आहे. म्हणूनच अल्लाहच्या देणगीवर पडदा टाकणे, ती मिळालीच नाही अशा रीतीने जगणे, याला ‘कुफ्राने नेअमत’ म्हणतात. ‘शुक्र’ हा याच्या नेमका उलट आहे. देणगी उघड करणे, ती ओळखणे, ती देणाऱ्याचे नाव घेणे आणि तिचा वापर त्याच्या मर्जीनुसार करणे, हा शुक्र होय. आपल्या विद्वानांनी शुक्राची तीन स्थाने सांगितली आहेत : अंतःकरणाने मान्य करणे, जिभेने उच्चारणे आणि अवयवांनी कृतीत आणणे.

आता देणगीवर सर्वांत जाड पडदा कशाचा पडतो? श्रीमंतीचा किंवा अहंकाराचा पडतो हे खरे. परंतु सामान्य माणसाच्या बाबतीत तो बहुधा सवयीचा असतो. जे रोज मिळते ते दिसेनासे होते. परदेशवास हा पडदा बाजूला करतो. मात्र तो पडदाच तेवढा बाजूला करतो. शुक्र करण्याचे काम माणसाचे माणसालाच करावे लागते. हा फरक लक्षात ठेवूनच पुढे जावे लागेल.

प्रवास करणाऱ्यांना उद्देशून आलेली सूरह

पवित्र कुरआनातील 106 वी सूरह ‘कुरैश’ ही चारच आयतींची आहे. नमाजमध्ये आपण ती कितीतरी वेळा पठण करतो, परंतु ती पोटासाठी दूरदेशी जाणाऱ्या लोकांना उद्देशून आहे याकडे फारसे लक्ष जात नाही. मक्का ही ओसाड खोऱ्यात वसलेली वस्ती होती. तेथे शेती नव्हती. कुरैशचे काफिले हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शाम देशाकडे व्यापारास जात. वाटेवर टोळ्यांची लूटमार सर्रास चाले. परंतु काबागृहाचे सेवक म्हणून कुरैशच्या काफिल्यांना कोणी हात लावीत नसे. सूरह कुरैशमध्ये अल्लाहने त्यांना याच हिवाळी व उन्हाळी प्रवासांची आठवण करून दिली आहे आणि या घराच्या पालनकर्त्याची उपासना करण्यास सांगितले आहे. तो पालनकर्ता कोण, तर ज्याने त्यांना भुकेत अन्न दिले आणि भीतीपासून अभय दिले.

येथे असंख्य देणग्यांपैकी दोनच निवडल्या आहेत : अन्न आणि अभय. हीच जोडी कुरआनात पुन्हा पुन्हा येते. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी मक्केसाठी प्रार्थना केली तेव्हा शहराला सुरक्षितता आणि तेथील लोकांना फळे मागितली (सूरह बकरा 2:126). दुसऱ्या ठिकाणी फळे मागताना, लोकांनी कृतज्ञ व्हावे हा हेतूही त्यांनी बोलून दाखविला (सूरह इब्राहीम 14:37). सूरह नहलमध्ये (16:112) अशा एका वस्तीचे उदाहरण आहे जी निर्धास्त होती, जिला चोहीकडून विपुल अन्न येत होते. तिने कृतघ्नता केली आणि तिच्यावर भुकेचे व भीतीचे आवरण चढले. परंतु याच दोन गोष्टी केवळ शिक्षा म्हणून येतात असे कोणी समजू नये. भीती आणि भूक यांनी श्रद्धावंतांचीही परीक्षा घेतली जाईल, असे सूरह बकरामध्ये (2:155) स्पष्ट सांगितले आहे आणि तेथे धीर धरणाऱ्यांना शुभवार्ता दिली आहे.

कुरैशना या दोन देणग्यांचे मोल प्रवासात कळण्यासारखे होते. मक्केत बसून राहणाऱ्याला वाटले असते की अन्न आपोआप येते आणि शांतता ही आपली मालमत्ताच आहे. उंटावर बसून वाळवंट तुडविणाऱ्याला मात्र दोन्ही गोष्टी किती नाजूक धाग्यावर लटकल्या आहेत हे दिसत होते.

अभय : किल्लारीची पहाट

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसरात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. शासकीय नोंदीनुसार 7,928 माणसे मृत्युमुखी पडली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांसह परिसरातील अनेक गावे ढिगाऱ्यात गेली. पुढे 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले.

दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, तत्कालीन भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. माणसाच्या ज्ञानानुसार ही जमीन देशातील सर्वांत निर्धास्त जमिनींपैकी एक होती. दुसरी गोष्ट घरांची. आपल्याकडील जुनी माळवदाची घरे म्हणजे दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. हाच थर उन्हाळ्यात गारवा देई. ज्या छपराखाली पिढ्यान्पिढ्या सुखाने झोपल्या, त्याच छपराचे ओझे त्या पहाटे अंगावर आले.

मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो. आमच्या घरातून आजी आणि माझी धाकटी बहीण गेल्या. आईने मला ढिगाऱ्यातून हातांनी उकरून काढले. तिची नखे पुढे कित्येक महिने नीट आली नाहीत. नंतरची दोन वर्षे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. नवे घर मिळाल्यावरही आई पावसाळा वगळता अंगणातच झोपत असे.

त्या दिवसांत ‘हा कोप होता काय?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला. याबाबत आपल्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मार्गदर्शन पुरेसे आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत, पडलेल्या बांधकामाखाली दबून मरण पावलेल्या श्रद्धावंताची गणना शहिदांमध्ये केली आहे. ज्यांना प्रेषितांनी हा दर्जा दिला, त्यांच्याविषयी कोपाची भाषा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्या संकटात मदत कोठून आली हेही विसरू नये. लष्कराचे जवान, देशाच्या कानाकोपऱ्यातील स्वयंसेवक आणि परदेशांतून आलेले साहाय्य यांनी हा परिसर उभा केला. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य मिळाले. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. अन्नाची पाकिटे वाटणाऱ्याने आमचा धर्म विचारला नाही आणि आम्हीही त्याचा विचारला नाही.

तिर्मिजी या हदीस-संग्रहात एक वचन आहे. त्याचा आशय असा की, जो मनुष्य आपल्या माणसांत निर्धास्तपणे, शरीराने निरोगी आणि त्या दिवसापुरते अन्न जवळ असताना सकाळी उठतो, त्याच्यासाठी जणू सारे जग एकवटून दिले गेले आहे. येथेही अभय आणि अन्न ही जोडी आहेच, मधोमध आरोग्य आहे. हे वचन मी मदरशात लहानपणीच पाठ केले होते. त्याचा पूर्वार्ध मला 1993 ने समजावला. उत्तरार्ध समजण्यास मात्र समुद्र ओलांडावा लागला.

अन्न आणि पाणी : वाळवंटातील धडा

2007 मध्ये मी सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरील जुबैल शहरात एका कंपनीत भांडारपाल म्हणून रुजू झालो. खोलीत आम्ही सहा जण होतो. केरळचे दोघे, एक बंगाली, एक हैदराबादी, एक पेशावरचा पठाण आणि मी. पहिल्या उन्हाळ्यात दुपारचे ऊन पाहून लातूरचा मे महिना सौम्य वाटू लागला. त्या देशात 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी बारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास आता मनाई आहे, यावरून तेथील उन्हाची कल्पना यावी.

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. जुबैलला समुद्राचे पाणी गोडे करण्याचे प्रचंड प्रकल्प आहेत आणि तेथून राजधानी रियाधपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर नळवाहिनीने पाणी नेले जाते. एके दिवशी नळ उघडला असता मनात आले की, हा पेलाभर घोट समुद्रातून काढून, मीठ वेगळे करून, इंधन जाळून माझ्यापर्यंत आणला आहे. आणि मी तेरणाकाठचा मुलगा! विहिरीत पोहरा सोडला की पाणी येते, यापलीकडे मी पाण्याचा कधी विचारच केला नव्हता. सूरह वाकिआमध्ये (56:68-70) अल्लाह माणसाला पिण्याच्या पाण्याकडे पाहण्यास सांगतो. ते ढगातून कोणी उतरविले, असे विचारतो. आपण इच्छिले असते तर ते खारट करून टाकले असते, मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही, असे बजावतो. ज्या शहरात खाऱ्याचे गोडे करण्यासाठी रात्रंदिवस यंत्रे चालतात, तेथे ही आयत ऐकणे हा वेगळाच अनुभव असतो.

परंतु खरा धडा पुढे होता. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. ‘जलदूत’ नावाने ती ओळखली गेली. जुबैलच्या खोलीत दूरचित्रवाणीवर ती दृश्ये मी पाहत होतो. त्या रात्री आईला फोन केला तेव्हा ती टँकरच्या रांगेत घागर ठेवून घरी आली होती. मी मात्र नुकतीच अंघोळ केली होती. नदी नसलेल्या देशात माझ्या डोक्यावर पाणी पडत होते आणि नदीकाठच्या आईला घागरभर पाण्यासाठी ताटकळावे लागत होते.

तेव्हा उमगले की देणगी कोणत्याही भूमीची जहागीर नसते. किल्लारीची जमीन निर्धास्त आहे असे नकाशे सांगत होते, ती हलली. लातूरला नद्या आहेत, त्या आटल्या. वाळवंटात पाणी नाही, तेथे ते मिळाले. सूरह मुल्कची शेवटची आयत (67:30) हाच प्रश्न विचारते : तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? अन्न आणि अभय या दोन्ही गोष्टी ज्याच्या हाती आहेत तो एकच आहे आणि तो किल्लारीतही तोच आहे, जुबैलमध्येही तोच आहे. परदेशवासाने दृष्टी बदलते ती या अर्थाने. माणूस देणगीवरून नजर उचलून देणाऱ्याकडे पाहू लागतो.

उशिरा उमगलेले ऋण

आता कबुलीचा भाग. सूरह लुकमानमध्ये (31:14) अल्लाहने स्वतःचा आणि आई-वडिलांचा शुक्र करण्याची आज्ञा एकाच आयतीत दिली आहे. तेथे आईने सोसलेल्या एकावर एक अशा अशक्तपणाचा विशेष उल्लेख आहे. परदेशात राहून मला आईचे मोल कळले होते यात शंका नाही. स्वतः कपडे धुताना, स्वतः कालवण करताना, तापात एकटे पडून राहताना ती आठवत असे. दरमहा पैसे पाठवत होतो. परंतु ‘आई, तू मला त्या ढिगाऱ्यातून काढलेस’ हे वाक्य मी तिला कधी म्हटले नाही. सुट्टीत गेलो की सांगू, असे वाटत राहिले. सुट्टीत गेलो की घराचे बांधकाम, लग्नकार्ये, भेटीगाठी यांत दिवस सरत.

2017 च्या डिसेंबरमध्ये फोन आला. ती आजारी आहे हे तिने मला कळू दिले नव्हते. मुलाची नोकरी सुटू नये म्हणून घरच्यांनाही बजावले होते. परवानगी, तिकीट, विमान, मग मुंबईहून लातूर, हे सारे होऊन मी तिसऱ्या दिवशी पोहोचलो. दफनविधी पहिल्याच दिवशी अस्रच्या नमाजनंतर झाला होता आणि तसेच व्हावयास हवे होते. कोणाचा दोष नव्हता. मी कब्रस्तानात उभा राहिलो तेव्हा मातीवर शिंपडलेले पाणी केव्हाच सुकले होते.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वचन आहे की, जो लोकांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही. हे वचन मी अनेकांना ऐकविले होते. त्या दिवशी ते मला लागू झाले. मनातील कृतज्ञता खरी होती. पण ती ज्या व्यक्तीच्या हाती द्यावयाची, तिच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. जी कृतज्ञता पोहोचत नाही, ती त्या माणसाच्या दृष्टीने झाकलेलीच राहते.

तरीही दयाळू पालनकर्त्याने एक दार उघडे ठेवले आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार मृत्यूनंतर मनुष्याची कर्मे थांबतात. परंतु तीन गोष्टींचे पुण्य चालू राहते : सतत चालणारे दान, लोकांना उपयोगी पडणारे ज्ञान आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणारी सदाचारी संतती. त्या दारानेच मी आता आत जाऊ पाहतो. परंतु ज्यांचे आई-वडील हयात आहेत, त्यांनी या दारापर्यंत थांबू नये.

दोन चुका

परदेशातून परतलेल्या माणसाकडून दोन चुका होताना दिसतात.

पहिली चूक तिरस्काराची. तिकडचे रस्ते, तिकडची स्वच्छता, तिकडची शिस्त यांचे वर्णन करता करता तो गावाला हीन लेखू लागतो. चांगल्या गोष्टी पाहून त्या गावात आणण्याचा प्रयत्न करणे निराळे आणि ज्या मातीने वाढविले तिची टवाळी करणे निराळे. सूरह सबामध्ये (34:15-19) एका सुखी समाजाची हकीकत आहे. त्यांच्या उजव्या-डाव्या बाजूंना बागा होत्या, मार्गावर जवळजवळ वस्त्या होत्या, दिवसा-रात्री निर्भयपणे प्रवास करता येत होता. म्हणजे येथेही अन्न आणि अभय दोन्ही होते. परंतु त्यांना त्याचा कंटाळा आला आणि आमच्या प्रवासांतील अंतर वाढव, अशी मागणी त्यांनी केली. परिणामी त्यांची पांगापांग झाली आणि ते केवळ कथांपुरते उरले.

दुसरी चूक विस्मरणाची. बुखारी व मुस्लिममध्ये बनी इस्राईलच्या तीन माणसांचा प्रसंग आहे. एक कोडी, एक टकला आणि एक आंधळा. अल्लाहने फरिश्त्याकरवी तिघांना बरे केले आणि अनुक्रमे उंटीण, गाय व शेळी दिली. त्यांचे कळप खोरी भरून वाढले. मग तोच फरिश्ता त्यांच्या पूर्वीच्या रूपात, वाटखर्च संपलेल्या गरीब प्रवाशाच्या वेषात प्रत्येकाकडे गेला. पहिल्या दोघांनी आपल्यावर जबाबदाऱ्या फार आहेत असे सांगितले आणि ही संपत्ती वाडवडिलांकडून आली असल्याचा दावा केला. तिसऱ्याने मात्र मान्य केले की मी आंधळा होतो, गरीब होतो, अल्लाहने मला सर्व काही दिले. तुला हवे ते घेऊन जा. त्याची संपत्ती टिकली, इतर दोघे पूर्वस्थितीला गेले. या परीक्षेत प्रश्न एकच होता : तू पूर्वी कोण होतास हे तुला आठवते काय? ज्याच्या दारी वाटखर्च संपलेला प्रवासी येतो आणि जो स्वतः कधीकाळी परक्या विमानतळावर खिशात मोजके पैसे घेऊन उभा होता, त्याने या प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक द्यावे.

परक्या भूमीचेही ऋण

कृतज्ञतेचा अर्थ केवळ मायभूमीची ओढ असा नाही. मायभूमीचे प्रेम स्वाभाविक आहे. मक्का सोडताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती आपल्याला सर्वांत प्रिय भूमी असल्याचे सांगितले होते. परंतु मदीनेत आल्यावर त्यांनी, मदीनाही आम्हाला मक्केइतकी किंवा त्याहून अधिक प्रिय कर, अशी प्रार्थना केली. जेथे अन्न व अभय मिळाले त्या नव्या भूमीशीही निष्ठेचे नाते जोडावे, हा त्यातील बोध होय.

त्याआधी इ.स. 615 च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून काही मुस्लिम हबशा देशात गेले होते. तेथील ख्रिस्ती राजा नज्जाशी याने त्यांना आश्रय दिला. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी पुढे सांगितले की तेथे आम्हाला उत्तम शेजार लाभला, आमच्या धर्माविषयी आम्ही निर्धास्त होतो. त्या राजाविरुद्ध बंड झाले तेव्हा या निर्वासितांनी त्याच्या विजयासाठी प्रार्थना केली आणि हजरत जुबैर (रजि.) फुगविलेल्या पखालीच्या आधारे नदी पोहून लढाईची बातमी आणण्यास गेले. पुढे नज्जाशीने इस्लामचा स्वीकार केला आणि त्याच्या निधनाची वार्ता कळताच प्रेषितांनी मदीनेत त्याच्यासाठी जनाजाची नमाज अदा केली. आश्रय देणाऱ्याचे ऋण असे जपले जाते. आपले जे बांधव आज परदेशात आहेत, त्यांनी तेथील कायदा पाळणे, नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करणे आणि शेजाऱ्याच्या उपयोगी पडणे, हा त्यांच्या शुक्राचाच भाग आहे. माझ्या तापात रात्रभर कपाळावर ओली पट्टी ठेवणारा पेशावरचा सोबती मला आजही दुआत आठवतो.

शुक्र कृतीत कसा आणावा?

सूरह सबामध्ये (34:13) हजरत दाऊद (अलै.) यांच्या कुटुंबाला शुक्र ‘करण्यास’, म्हणजे कृतीने शुक्र बजावण्यास सांगितले आहे आणि कृतज्ञ दास थोडेच असतात, असेही बजावले आहे. हजरत आयशा (रजि.) यांनी पाहिले की प्रेषित मुहम्मद (स.) रात्री नमाजमध्ये इतका वेळ उभे राहतात की पायांना सूज येते. त्यांनी कारण विचारले असता, मी कृतज्ञ दास होऊ नये काय, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. या प्रकाशात काही गोष्टी आजपासून करता येतील.

एक, सकाळी उठताच हदीसमधील तीन देणग्या, म्हणजे निर्धास्त घर, निरोगी शरीर आणि दिवसाचे अन्न, नाव घेऊन आठवाव्यात आणि ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणावे. दोन, ऐहिक बाबतीत आपल्याहून वरच्याकडे न पाहता खालच्याकडे पाहावे. प्रेषितांनी ही शिकवण याचसाठी दिली की अल्लाहची देणगी आपल्याला तुच्छ वाटू नये. तीन, परदेशात असाल तर पैसे पाठविण्यापूर्वी दोन शब्द पाठवावेत. आई-वडिलांना, पत्नीला, ज्या शिक्षकाने लिहावयास शिकविले त्याला, ज्याने प्रवासासाठी उसने पैसे दिले त्याला. चार, पाण्याचा अपव्यय टाळावा, वुजू करतानाही. पाच, जी देणगी आपल्याला संकटात मिळाली, तीच दुसऱ्याला द्यावी. ज्याला अन्न मिळाले त्याने अन्न द्यावे, ज्याला आसरा मिळाला त्याने आसरा द्यावा. आपल्या शहरात बिहार-बंगालहून आलेला मजूर हाही परदेशी गेलेल्या आपल्या मुलासारखाच कोणाचा तरी मुलगा आहे.

ज्यांनी कधी गावाची वेस ओलांडली नाही, त्यांनी असे समजू नये की हा धडा आपल्यासाठी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांचा खांदा धरून, जगात परक्यासारखे किंवा वाटसरूसारखे राहण्याचा उपदेश केला होता. वाटसरूची नजर लाभली तर स्वतःच्या अंगणातली विहीरही नवी दिसते. त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

2019 मध्ये मी कायमचा परत आलो. आईच्या नावाने घरासमोर पाण्याचा एक रांजण ठेवला आहे. उन्हाळ्यात येणारे-जाणारे तेथे थांबतात. उन्हाळ्याच्या काही रात्री मी अंगणात झोपतो आणि पहाटे चारच्या सुमारास जाग येते. जमीन स्थिर असते, घरातून मुलांच्या श्वासाचा आवाज येत असतो. फजरच्या अजानला अजून अवकाश असतो. उठून वुजू करण्यासाठी याहून मोठे कारण मला ठाऊक नाही.

हे अल्लाह, आम्हाला भुकेत अन्न आणि भीतीत अभय देणारा तूच आहेस. ज्यांच्या हातून तू आम्हाला हे दिलेस, त्यांचे ऋण त्यांच्या हयातीतच मान्य करण्याची सद्बुद्धी आम्हाला दे. जे आमच्यापूर्वी गेले त्यांना क्षमा कर, जे दूरदेशी आहेत त्यांचे रक्षण कर आणि आम्हाला तुझ्या थोड्या कृतज्ञ दासांत सामील करून घे. आमीन.